उधारीवर पहिला माल देण्याआधी

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) खोक्यांचं काम सुरू केलंस, छान. पहिलीच मोठी पार्टी साठ दिवसांची उधारी मागतेय म्हणून घाबरू नकोस, पण पाटी बघून भुलूही नकोस. माझे पैसे बुडवणाऱ्याने शटर ओढलं आणि सहा महिन्यांत त्याच शेडमध्ये, त्याच मशिनांवर, बायकोच्या नावाने नवी कंपनी उघडली. चहाही पाजला वर!

कंपनीचं नाव बदलतं, डायरेक्टरचा डीआयएन नंबर (त्याचा सरकारी ओळख क्रमांक) बदलत नाही. एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर डायरेक्टर कोण ते बघ, त्यांच्या आधीच्या कंपन्या ‘स्ट्राइक ऑफ’ झाल्यात (सरकारी नोंदीतून नाव काढलंय) का तेही बघ. सलग तीन वर्षं हिशेब न भरणाऱ्या कंपनीचे डायरेक्टर पाच वर्षं अपात्र ठरतात. म्हणूनच पुढे बायको, मेहुणा येतात. पत्ता आणि फोन जुनेच निघाले तर समजून जा.

सुरुवातीला एवढंच कर:

- उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) माल देण्याआधी काढ. ती असली की लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे मुदत चालत नाही.
- मोठ्या उधारीला डायरेक्टरची वैयक्तिक हमी लेखी घे. नवशिके इथेच लाजतात.
- किती रक्कम येणं बाकी आहे याची कबुली ईमेलवर घे, तोंडी नको.

कंपनी बंद करण्याची नोटीस निघाली तर ३० दिवसांत कंपन्यांच्या रजिस्ट्रारकडे हरकत नोंदव. नाव काढलं गेलं तरी डायरेक्टरची जबाबदारी संपत नाही. ट्रिब्युनलकडे (कंपन्यांच्या न्यायाधिकरणाकडे) दाद मागायचं नंतर बघू, आधी डीआयएन तपास.