मोठी विमान कंपनी विमानांचा ताफा कसा ठरवते, आणि कर्मचाऱ्यांशी वाद झाला की काय करते?

प्रश्नाखाली तुम्ही दोन ओळी जोडल्या आहेत: नवी मुंबई विमानतळावर ऑपरेशन्समधल्या नोकरीची मुलाखत आहे, आणि 'क्रूचे नखरे असतात म्हणून विमानं रद्द होतात' असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. त्या दुसऱ्या ओळीमुळे हे उत्तर लिहितोय. मी अकरा वर्षं क्रू प्लॅनिंग आणि रोस्टरचं काम केलं. माझं ठाम मत आहे की क्रूचा जवळजवळ प्रत्येक मोठा वाद विमानांच्या तक्त्यात जन्मतो आणि एचआरच्या टेबलावर वर्षभराने पोचतो.

ताफ्याचं आधी सांगतो. विमान निवडायची सुरुवात मार्गापासून होते: अंतर किती, धावपट्टी केवढी, दिवसाला किती फेऱ्या भरतील. एटीआर 72 मध्ये 78 आसनं, ए320निओत 186, ए321निओत 232. दर 50 आसनांमागे एक केबिन क्रू लागतो, म्हणजे अनुक्रमे 2, 4 आणि 5 जण. ए320 चा पायलट त्याच रेटिंगवर (विमानाच्या प्रकाराचा परवाना) ए321 उडवतो, एटीआरचा पायलट उडवू शकत नाही. त्यामुळे ताफ्यात नवा प्रकार आला की ट्रेनिंग वेगळं, सुटे भाग वेगळे, स्टँडबायची, म्हणजे ऐनवेळी बोलवायच्या राखीव क्रूची, फळीही वेगळी. स्वस्त तिकिटाच्या कंपन्या एकाच प्रकाराला धरून राहतात त्या यामुळे.

ऑर्डर म्हणजे रांगेतली जागा. एअर इंडियाने फेब्रुवारी 2023 मध्ये 470 विमानांची आणि इंडिगोने जून 2023 मध्ये पॅरिसला 500 विमानांची ऑर्डर जाहीर केली, पण ती विमानं यायला वर्षानुवर्षं लागतात. मधली पोकळी भाड्याच्या विमानांनी आणि जुन्या विमानांची मुदत वाढवून भरतात. नवं विमान ताब्यात येताच भाडेकंपनीला विकून तेच भाड्याने घ्यायचं आणि सहा वर्षांच्या मोठ्या तपासणीच्या सुमाराला परत करायचं, हा आपल्याकडचा रुळलेला मार्ग. इंजिनांनी दगा दिला की हे सगळं कोलमडतं. गो फर्स्टने 2 मे 2023 ला दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं वेळेवर न मिळाल्याचं कारण दिलं होतं. म्हणून शहाण्या तक्त्यात 'किती विमानं आहेत' आणि 'किती उडू शकतात' हे रकाने वेगळे असतात.

आता ज्या रकान्यावरून माझं वाजलं, तो. क्रूची मंजुरी 'दर विमानामागे इतक्या जोड्या' अशी मिळते. एक जोडी म्हणजे एक कॅप्टन आणि एक फर्स्ट ऑफिसर. हिशेब साधा आहे. विमान रोज 11 तास 40 मिनिटं उडतं, तर वर्षाला सुमारे 4,260 तास होतात. पायलटची वर्षाची कायदेशीर मर्यादा 1,000 तास. पण रजा, आजारपण, सहामाही सिम्युलेटर चाचणी, ग्राउंड ट्रेनिंग आणि स्टँडबाय वजा जाता हातात 780 च्या आसपास उरतात. भागाकार केला की साडेपाच जोड्या. वीस विमानांना 110.

एका कंपनीत, नाव सांगत नाही, नेटवर्क विभागाने ठरवलं की विमान रोज सरासरी 50 मिनिटं जास्त उडवायचं. वीस विमानं गुणिले 50 मिनिटं म्हणजे 16 तास 40 मिनिटं, म्हणजे एका विमानाच्या दिवसापेक्षा जास्त. 'एक विमान फुकट मिळालं,' असं त्या विभागाच्या साहेबांनी बैठकीत सांगितलं, आणि तेवढा हिशेब बरोबर होता. पण नवं विमान खरेदी केलं असतं तर त्याच्या शेपटीला साडेपाच जोड्यांची मंजुरी बांधलेली आली असती. तास वाढवले तेव्हा विमानांचा आकडा वीसच राहिला, म्हणून मंजुरीही 110 वरच राहिली. नव्या तासांना 117 जोड्या लागत होत्या, त्याच प्रमाणात केबिन क्रूही कमी पडत होता. तक्त्यात ही तूट दिसतच नव्हती, कारण तो रकानाच विमानांच्या संख्येवर चालत होता.

ती 50 मिनिटं आणली कुठून? पहाटेतून. पहिलं उड्डाण 6 वाजता होतं ते 5:10 ला गेलं, रिपोर्टिंग 5 वरून 4:10 वर. कागदावर हा बदल किरकोळ दिसतो, म्हणून तो घोडबंदर रोडवरून बघा. कासारवडवलीहून केबिन क्रूमधली पहिली मुलगी घ्यायची, माजिवड्याला दुसरी, मुलुंडला तिसरी, मग विमानतळ. पिकअप 3:35 ला होता तो 2:45 झाला. रात्री रस्ता रिकामा असतो असं ऑफिसात बसणाऱ्यांना वाटतं. घोडबंदरवर अवजड वाहनांना रात्री सोडतात, गायमुखच्या घाटात एक कंटेनर आडवा झाला की मागे रांग लागते. म्हणून ड्रायव्हर स्वतःहून आणखी पंधरा मिनिटं आधी येऊन गेटवर उभा राहायचा. गणवेश, केस, मेकअप धरून त्या मुलीला दीडला उठावं लागायचं. ड्युटी मोजायला सुरुवात 4:10 पासून. घर ते बेस (जिथे ड्युटीला हजर व्हायचं तो ठरलेला विमानतळ) हा प्रवास एफडीटीएलच्या, म्हणजे क्रूच्या ड्युटी-विश्रांतीच्या नियमांच्या, हिशेबात धरत नाहीत.

दुसरा फटका नियमातून बसला. पहाटे 2 ते 6 हा झोपेचा सगळ्यात खोल काळ मानतात, आणि ड्युटी त्यात सुरू झाली तर जेवढा वेळ आत शिरला तेवढा कमाल ड्युटीतून वजा होतो. आधी एक तास वजा व्हायचा, आता 1 तास 50 मिनिटं. म्हणजे मुंबई–बंगळूर–मुंबई–अहमदाबाद–मुंबई अशा चार फेऱ्यांच्या पेअरिंगमध्ये (एका क्रूला जोडून दिलेल्या फेऱ्या) उशीर सोसायची जी मोकळीक होती ती 50 मिनिटांनी घटली. जुलैत पावसाने तासभर खोळंबा झाला की चौथ्या फेरीआधी क्रू मर्यादेबाहेर. मग स्टँडबाय ओढायचा, आणि स्टँडबायची फळी आधीच सात-आठ जोड्यांनी पातळ. दुपारी ओढलेला माणूस दुसऱ्या दिवशीच्या पहाटेला मिळत नाही, म्हणून तिथे तिसऱ्याची सुट्टी रद्द. सुट्टी दोनदा रद्द झाली की माणूस तिसऱ्यांदा सिक टाकतो, म्हणजे आजारी असल्याचं कळवतो.

एचआरने काय केलं? नावानिशी यादी काढली, कोणी किती सिक टाकले त्याची. पत्रं गेली. एका दिवसाच्या आजारपणालाही डॉक्टरचा दाखला सक्तीचा केला. आता डॉक्टर दाखला देतो तो तीन दिवसांचा देतो, म्हणून जिथे एक ड्युटी पडायची तिथे तीन पडायला लागल्या. संघटनेने पत्र दिलं त्यात मुद्दा पिकअपच्या गाडीचा होता, कारण लोक जे रोज भोगतात तेच लिहितात. व्यवस्थापनाने मोठ्या एसी गाड्या दिल्या आणि तक्रार मिटली असं समजलं. काहीही मिटलं नव्हतं.

आम्ही तीन महिन्यांचे सिक कॉल नावांऐवजी पिकअपच्या तासाप्रमाणे लावले. 3:30 नंतरच्या पिकअपला प्रमाण नेहमीचंच, 3 च्या आधीच्या पिकअपला उंच खांब, आणि सलग तिसऱ्या पहाटेला तो सगळ्यात उंच. तो एकच कागद बैठकीत ठेवल्यावर चर्चा 'कोण कामचुकार' यावरून 'कोणती ड्युटी मोडतेय' यावर आली. मग ठरलं ते असं: एका गाडीत जास्तीत जास्त दोन थांबे आणि पहिल्या थांब्यापासून विमानतळापर्यंत 75 मिनिटांची मर्यादा, सलग दोनच पहाटा, तिसरी नाही, पहाटेच्या लाइन (रोस्टरमधल्या ड्युट्यांचा संच) आधी मागून घेणाऱ्यांना आणि जवळ राहणाऱ्यांना, वर भत्ता, वीसपैकी सहा विमानं परत 6 वाजताच्या उड्डाणावर, आणि आठ जोड्यांची भरती मंजूर. तीन महिन्यांनी आकडे बघून पुन्हा बसायचं, हे इतिवृत्तात लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या. भरतीचा परिणाम दिसायला आठ महिने गेले, कारण टाइप रेटिंग, सिम्युलेटरची पाळी आणि लाइन ट्रेनिंग (प्रत्यक्ष उड्डाणांवरचं) यांना घाई करता येत नाही. कॅप्टन तर बाहेरून लगेच मिळतच नाही. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) 2017 च्या नियमाने कॅप्टनला वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

जाहीर उदाहरणं हेच सांगतात. एअर इंडियाने 2005 च्या अखेरीस बोइंगकडे जी ऑर्डर दिली तिच्यात 27 ड्रीमलायनर होती, 2007 मध्ये इंडियन एअरलाइन्सशी विलीनीकरण झालं, आणि नवं विमान कोणत्या बाजूचे पायलट उडवणार हे कुणी वेळेत ठरवलं नाही. 2012 च्या मे महिन्यात जुन्या एअर इंडियाच्या पायलटांनी ड्रीमलायनरच्या ट्रेनिंगवरून 58 दिवस काम थांबवलं. पहिलं ड्रीमलायनर आलं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. विमान यायच्या आधीच भांडण होऊन गेलं होतं. डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोच्या हजारो फेऱ्या रद्द झाल्या, तिथे तर संपही नव्हता. आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तास, रात्रीच्या ड्युटीत दोनच लँडिंग, हे नियम जानेवारी 2024 मध्ये कागदावर आले होते आणि दुसरा टप्पा 1 नोव्हेंबर 2025 ला लागू झाला. हिवाळी वेळापत्रक वाढवताना क्रूचा भागाकार नव्या आकड्यांनी व्हायला हवा होता. त्या आठवड्यात प्रवाशांनी काउंटरवरच्या पोरांना शिव्या घातल्या, ज्यांचा या हिशेबाशी काही संबंध नव्हता.

कायद्याचं थोडक्यात. विमान कंपन्यांसाठी केंद्राची कामगार यंत्रणा चालते, राज्याची नाही. संपाआधी 14 दिवसांची नोटीस लागते, आणि समेटाची प्रक्रिया चालू असताना संप करता येत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यात निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संप धरतात. मे 2024 मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन क्रूने एकाच वेळी सिक टाकलं, कंपनीने पंचवीस जणांना काढलं, आणि 9 मेला दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर बसून सगळ्यांना परत घेतलं. काढण्याची पत्रं पाठवायच्या आधी ती बैठक घेता आली असती.

आता तुमच्या मुलाखतीकडे. 25 डिसेंबर 2025 पासून उलव्याहून विमानं सुटायला लागली आणि एक नवा प्रश्न उभा राहिला: मुंबई आणि नवी मुंबई हा एकच बेस की दोन? ऐकायला हा शब्दांचा खेळ वाटेल. क्रू सांताक्रूझच्या बाजूला उतरला आणि पुढची फेरी नवी मुंबईहून असेल, तर कंपनीने मध्ये नेलेला वेळ पोझिशनिंग म्हणून ड्युटीत मोजला जातो आणि पुढच्या उड्डाणाच्या मर्यादेतून जातो. त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी 'एकच बेस आहे, थेट नवी मुंबईला रिपोर्ट कर' म्हटलं, तर अटल सेतूवरचा किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा तो तास त्याच्या झोपेतून जातो, कागदावर कुठेही न दिसता. खारघर-नेरुळच्या लोकांना नवा विमानतळ वरदान आहे, अंधेरीत भाड्याने राहणाऱ्यांना नाही. रोस्टर बनवणाऱ्याने पत्ता बघून लाइन दिल्या तर यातलं अर्धं भांडण होणारच नाही.

क्रू नेहमी बरोबर असतो असं म्हणत नाही. रात्रीतून एकत्र सिक टाकणं हे प्रवाशांवर वार करणं आहे, ते मला कधीच पटलं नाही. ज्येष्ठतेच्या यादीवरून संघटना आपसात इतक्या भांडतात की व्यवस्थापनाला काही करावंच लागत नाही. माझा अनुभव देशांतर्गत ताफ्याचा आहे. मोठ्या पल्ल्याच्या विमानांत जोड्यांचं प्रमाण आणि विश्रांतीचं गणित वेगळं. आणि 780 हा आकडा प्रत्येक कंपनीत वेगळा येतो, तो स्वतः काढायचा.

मुलाखतीत संधी मिळाली तर तीन गोष्टी विचारा. क्रूची मंजुरी विमानांच्या संख्येवर मिळते की उड्डाणाच्या तासांवर? विमान पुरवणारा विभाग आणि क्रू प्लॅनिंग यांची बैठक वेळापत्रक डीजीसीएकडे जाण्याआधी होते की नंतर? आणि तुमचा रिपोर्टिंग पॉइंट कोणता, मुंबई की नवी मुंबई? पहिल्या प्रश्नाला 'विमानांच्या संख्येवर' असं उत्तर आलं तरी नोकरी घ्या, पण पहिल्याच महिन्यात तासांवरचा भागाकार करून वरिष्ठांना ईमेलने पाठवा, तोंडी सांगू नका. मी बैठकीत तोंडी सांगितलं होतं, आणि सहा महिन्यांनी ती तूट आम्हाला कुणी दाखवलीच नाही असं इतिवृत्तात आलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र सही करायच्या आधी नेमणूकपत्रात लिहून घ्या.