ओर्व्हिएतोत जेवायचं कुठे?

प्रश्न : ताई, मे महिन्यात आम्ही तिघं इटलीला निघालोय. रोमहून ओर्व्हिएतोला दोन रात्री मुक्काम आहे. आम्हा दोघांना सगळं चालतं, पण सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत. नेटवर बघावं तर प्रत्येक हॉटेल ‘अप्रतिम’च! गावातली माणसं जेवतात ती जागा कशी शोधायची?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी घड्याळ सांभाळा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा स्टेशनवरून फ्युनिक्युलरने (डोंगर चढणाऱ्या छोट्या रेल्वेने) वर गावात पोचेपर्यंत तीन वाजले होते. दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते अडीच, मग संध्याकाळी साडेसातपर्यंत चुली थंड. एकच जागा उघडी दिसली, ऐन कॅथेड्रलच्या बाजूला. दारात उभा राहून बोलावणारा माणूस, पाच भाषांतलं मेनूकार्ड, त्यावर पदार्थांचे फोटो. भूक होती, बसले. पास्ता इतका गिळगिळीत की काट्याला चिकटून बसला. तेव्हापासून फोटोवालं मेनूकार्ड दिसलं की मी पुढे चालू लागते.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. गुरुवारी आणि शनिवारी पियात्झा देल पोपोलो या चौकात बाजार भरतो. तिथे भाजीवालीकडून पावशेर चेरी घेतल्या आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं : ‘लेई दोव्हे वा आ मांजारे?’ तुम्ही कुठे जेवायला जाता? (मांजारे म्हणजे जेवणं. मांजरावरून लक्षात राहील.) ‘चांगलं हॉटेल कुठलं’ असं विचारू नका, त्याला पाहुण्यांसाठीचं उत्तर मिळतं. तिने हातातली जुडी खाली ठेवून एका बोळाकडे बोट केलं. आत सात-आठ टेबलं, हाताने लिहिलेला एक कागद, त्यावर जेमतेम चार पास्ते.

त्यातला उंब्रिकेल्ली सासूबाईंसाठीच केल्यासारखा आहे. नुसतं पीठ आणि पाणी, अंडं नाही. शेवयांसारखा हातावर वळतात, फक्त बराच जाड. तरी ‘सेन्झा उओव्हा?’ (अंड्याशिवाय?) विचारून घ्या, कारण ताल्यातेल्ले या पट्ट्यांसारख्या पास्त्यात अंडं असतंच. ‘अर्राब्याता’ सॉस मागा : टोमॅटो, लसूण, लाल मिरची. नाशिककरांना तिखट वाटणार नाही, पण आपलंसं वाटेल. ‘आमात्रिचाना’ मात्र दिसायला तसाच लाल, आणि त्यात डुकराच्या गालाचं मांस.

नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. तिथल्या लोकांच्या हिशेबात हॅमचे चार तुकडे म्हणजे मांस नव्हेच! ‘सेन्झा कार्ने, सेन्झा प्रोशुत्तो, सेन्झा ब्रोदो दी कार्ने’ (मांस नको, हॅम नको, मांसाचं पाणी नको) असं कागदावर लिहूनच द्या. मसुराच्या किंवा फार्रो गव्हाच्या सूपला पाणी पुष्कळदा मांसाचं असतं. बेकरीतल्या गोगलगायीच्या आकाराच्या लुमाकेल्ले पावांत हॅम आणि चरबी असते, ते तुम्ही दोघं खा. पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. सासूबाईंना हे आधीच सांगा आणि ठरवणं त्यांच्यावर सोडा.

बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोनेक युरो लागतील. ती फसवणूक नाही, बसण्याचे आणि पावाचे पैसे आहेत. रविवारी दुपारी कुटुंबंच्या कुटुंबं जेवायला येतात, आदल्या दिवशी टेबल सांगून ठेवा.

आणि तो पाव अळणी असतो. उंब्रियाची, म्हणजे ओर्व्हिएतो ज्यात येतं त्या प्रांताची, रीतच तशी, मीठ विसरलेलं नसतं. सासूबाईंच्या पर्समध्ये लोणच्याची बाटली असेलच.