स्वतःच्या वाजवण्याविषयी: गिटार शिकणाऱ्या विद्यार्थिनीस पत्र

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तीन वर्षे नियमाने गिटार शिकल्यावर आणि पन्नासएक गाणी मूळ ध्वनिमुद्रणाबरहुकूम वाजवता येऊ लागल्यावर, "माझे वाजवणे माझे वाटत नाही, कोणाचेही वाटते" असे तू लिहिले आहेस, आणि त्यावर उपाय म्हणून इलेक्ट्रिक गिटार व एक इफेक्ट पेडल (गिटारचा आवाज बदलणारे यंत्र) घ्यावे का, असे विचारले आहेस. पेडलचे उत्तर सोपे आहे: सध्या घेऊ नकोस. वाजवणे आपले वाटत नाही यावर मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण हा प्रश्न ज्या विद्यार्थ्याला पडतो तो खरोखर ऐकू लागलेला असतो, आणि त्याला थातूरमातूर उत्तर देणे मला बरे वाटत नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. शैली अशी वेगळी शोधून सापडत नाही. ज्यांचे वाजवणे आपल्याला मनापासून आवडते त्यांचे ते आपण पूर्णपणे उचलायला जातो. त्यातले काही हाताला जमत नाही, काही कानाला सोडवत नाही, आणि या ओढाताणीत जे हातात उरते त्याला पुढे लोक आपली शैली म्हणू लागतात. तू नक्कल केलीस यात काही चुकले नाही, ती अर्ध्यावर सोडलीस हे चुकले.

अर्ध्यावर म्हणजे काय, ते सांगतो. तू गाणी टॅब पाहून बसवतेस. टॅब कोणत्या तारेवर कितव्या फ्रेटवर बोट ठेवायचे ते सांगते, पण कोणते बोट, किती दाब, स्वर किती वेळ धरायचा, कुठे दाबून टाकायचा, उजवा हात ब्रिजपासून, म्हणजे तारा जिथे गिटारच्या पोटावर टेकतात त्या पट्टीपासून, किती दूर होता, यातले काहीही त्या सहा रेघांवर नसते. आणि ज्या वादकावर तुझे मन जडले त्याचे वाजवणे नेमके याच गोष्टींत असते. म्हणून येत्या महिन्यात एकच गोष्ट कर. तुला आवडणाऱ्या वादनातला आठ-दहा सेकंदांचा तुकडा घे, फोनवर त्याचा वेग निम्मा कर आणि गिटारला हात न लावता तो तुकडा आधी गळ्याने म्हण. गळा चांगला नसला तरी चालेल, पण स्वर आणि त्यांतले श्वास जागच्या जागी आले पाहिजेत. ते जमल्यावरच तारेवर शोध. मग स्वतःचे ध्वनिमुद्रण कर आणि मूळ व आपले असे एकाआड एक ऐक. आमच्या वेळी हे कॅसेटवर चाले. माझा टेपरेकॉर्डर किंचित जोरात फिरत असे, त्यामुळे गाणे चढ्या सुरात येई आणि दर वेळी गिटार त्या यंत्राशी जुळवून घ्यावी लागे. तो त्रासच होता, पण त्या त्रासाने माझा कान तयार झाला हे आज मी खात्रीने सांगू शकतो.

असे संपूर्ण अनुकरण करून कोणी कायमचा दुसऱ्याची सावली होऊन राहतो, ही भीती तुला वाटत असेल. वेस माँटगोमेरीचे उदाहरण पाहा. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात १९२३ साली जन्मलेला हा जाझ गिटारवादक विशीच्या उंबरठ्यावर चार्ली ख्रिश्चन या आधीच्या जाझ गिटारवादकाच्या ध्वनिमुद्रिका ऐकून गिटारकडे ओढला गेला. त्याने ख्रिश्चनचे एकल वादनाचे तुकडे स्वरन् स्वर पाठ केले, आणि सुरुवातीला त्याला क्लबात काम मिळाले ते हे पाठ केलेले तुकडे वाजवण्यासाठीच. दिवसा तो मजुरीचे काम करी आणि रात्री घरी सराव करी. पिकच्या (तारा छेडायच्या छोट्या चकतीच्या) आवाजाने शेजाऱ्यांना त्रास होतो म्हणून त्याने पिक ठेवून दिला आणि अंगठ्याच्या मांसल भागाने तारा छेडायला सुरुवात केली. त्या अंगठ्याने जो गोल, मऊ, उबदार आवाज आला, आणि एकाच वेळी दोन सप्तकांतला तोच स्वर वाजवण्याची जी सवय त्याने लावून घेतली, त्यांवरून आज जाझ ऐकणारा कोणीही त्याला चार स्वरांत ओळखतो. त्यात शैली घडवण्याचा बेत कुठेही दिसत नाही. ख्रिश्चनचे पूर्ण घेतले होते आणि घरात आवाज करायचा नव्हता, एवढेच होते.

बी. बी. किंग या अमेरिकन ब्लूज गिटारवादकाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. त्याचा नातेवाईक बुका व्हाइट हा तारेवर नळी सरकवून वाजवत असे, आणि त्या सरकत्या, कापऱ्या स्वराने किंगला वेड लावले होते. नळीने वाजवणे त्याच्या हाताला काही जमले नाही. मग तो स्वर नुसत्या बोटांनी काढण्यासाठी तो तार दाबलेले बोट थरथरवू लागला, आणि तो कंप पुढे जगभरच्या गिटारवादकांनी गिरवला. हाताला जमत नव्हते आणि कानाला सोडवत नव्हते, असे मी वर म्हणालो ते हेच.

आपल्याकडे पाहायचे तर कुमार गंधर्वांइतके मोठे उदाहरण मला सुचत नाही. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका लहानपणी हुबेहूब गाऊन दाखवणारा हा मुलगा पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकला, आणि देवधरांनी त्याला अनेक घराण्यांचे गाणे मोकळेपणाने ऐकू दिले. मग क्षयाने गाठले, देवासला जावे लागले, काही वर्षे गाणे बंद पडले, आणि त्या सक्तीच्या शांततेत माळव्याच्या बायकांची लोकगीते त्यांच्या कानावर पडत राहिली. आजारातून उठल्यावर जे गाणे आले ते छोट्या, धारदार, अचानक उसळणाऱ्या स्वरसमूहांचे होते. फुप्फुस अधू झाल्यामुळे ते तसे झाले की त्यांच्या विचारामुळे, हा वाद जाणकार आजही घालतात; त्यात मी शिरत नाही. तुझ्यासाठी महत्त्वाचे एवढेच की आधी इतरांचे सगळे गाणे गळ्यात होते, आणि नंतर स्वतःचे आले.

आता उजव्या हाताकडे वळू. तू पत्रात डाव्या हाताविषयी दोन पाने लिहिली आहेस आणि उजव्याविषयी एक ओळही नाही, हे मला खटकले. बहुतेक पोलादी तारांच्या गिटारवर नटपासून (मानेच्या टोकाकडच्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंत तारेची लांबी सुमारे ६५० मिलिमीटर असते आणि बारावा फ्रेट तिच्या बरोबर मध्यावर येतो. आज रात्री मोकळी तिसरी तार घे आणि ती आधी बाराव्या फ्रेटवर छेड, मग आवाजाच्या भोकावर, मग ब्रिजपासून चार बोटे अंतरावर, मग अगदी ब्रिजला लागून. स्वर एकच राहील. मध्यावर छेडलेली तार बासरीसारखी पोकळ आणि गोड बोलेल, कारण तिथे छेडल्याने सम क्रमांकाचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उठणाऱ्या वरच्या बारीक स्वरांपैकी दुसरा, चौथा असे, उठतच नाहीत. ब्रिजकडे जाताना वरचे उपस्वर वाढत जातील आणि आवाज पातळ, धातूसारखा टणक होईल. हेच आता नखाने, बोटाच्या मांसाने, अंगठ्याने आणि पिकची कड तिरकी करून पुन्हा कर. पेडलसाठी तू जे पैसे साठवते आहेस त्यांत जेवढे आवाज मिळतील तेवढे त्या एका तारेत आधीच आहेत. कोणता आवाज ऐकताना तू थांबतेस आणि पुन्हा एकदा वाजवावासा वाटतो, त्याची वहीत नोंद ठेव. ती नोंद दुसऱ्या कोणाच्याही वहीतल्या नोंदीसारखी असणार नाही.

दुसरी एक गोष्ट मी स्वतः फार उशिरा शिकलो. विशीत असताना एका गणेशोत्सवात वाद्यवृंदासोबत वाजवायला गेलो होतो. एक गाणे पांढरी तीन या पट्टीत बसवले होते, सगळ्या मोकळ्या तारा हाताशी, त्यामुळे मी निर्धास्त होतो. ऐनवेळी गायकाचा घसा बसला आणि त्यांनी शांतपणे सांगितले, "काळी दोनमध्ये घेऊ," म्हणजे अर्धा स्वर खाली. कीबोर्डवाल्याने एक बटण दाबले. माझ्याकडे कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) होता, पण कॅपो स्वर चढवतो, उतरवत नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून पांढरी दोनच्या कॉर्डचे (एकदम वाजवायच्या स्वरांचे) आकार धरले असते तर काळी दोन आपोआप मिळाली असती. हे मला सुचले नाही, कारण मला आकार पाठ होते, त्या आकारांत सा कुठे, गांधार कुठे आणि पंचम कुठे हे माहीत नव्हते. ते सबंध गाणे मी गिटारचा आवाज बंद करून नुसता हात हलवत उभा राहिलो. माझे वडील पहिल्या रांगेत बसले होते. त्या रात्रीनंतर मी प्रत्येक कॉर्ड सरगमात म्हणून पाहिली, आणि तूही तसेच करावेस असा माझा आग्रह आहे. आकार ज्याचे असतील त्याचे असोत, त्यातला गांधार कोणत्या बोटाखाली आहे हे कळले की ते बोट उचलावे की ठेवावे हा निर्णय तुझा होतो, आणि असे शंभर छोटे निर्णय साठले की वाजवणे तुझे वाटू लागते.

तुझ्या पत्रातली मला सर्वांत मोलाची वाटलेली ओळ तू अगदी जाता जाता लिहिली आहेस: वडील भजनी मंडळात गातात आणि एकादशीला घरी टाळ-मृदंग असतो. मग तुझ्या वाजवण्यात तो ठेका कुठेच कसा नाही? तू वाजवतेस ते स्ट्रमिंग सगळे बाहेरचे आहे, आणि बाहेरचे शिकायलाच हवे, पण आठ मात्रांचा भजनी ठेका तुझ्या अंगात लहानपणापासून मुरलेला आहे. तो गिटारवर आण. त्यासाठी सहावी (सर्वांत जाड) आणि पहिली (सर्वांत बारीक) तार एक पूर्ण स्वर उतरव, म्हणजे दोन्ही ई ऐवजी डी होतील, आणि दुसरी तार बी वरून ए ला आण. सहा मोकळ्या तारा मिळून आता डी, ए, डी, जी, ए, डी अशा बोलतील, म्हणजे सा, प, सा, म, प, सा. ही जुळणी डेव्ही ग्रॅहम या इंग्लिश वादकाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोरोक्कोतल्या वादकांच्या सोबतीने वाजवण्यासाठी वापरात आणली, असे सांगतात. आपल्याला ती इतकी आपली वाटते याचे कारण तिच्यात गांधार नाही. गांधार नसल्यामुळे ती आनंदी की उदास हे आधीच ठरवून टाकत नाही, तानपुऱ्यासारखी मागे राहते आणि वरच्या तारेवर अभंगाची चाल मोकळी सोडते. सहावी, पाचवी आणि चौथी या जाड तारा अंगठ्याने मृदंगाच्या जागी ठेव, चाल पहिल्या दोन तारांवर घे आणि कॉर्ड धरण्याचा मोह काही दिवस टाळ.

तसे वाजवताना तुझ्या कानाला एक गोष्ट टोचेल, आणि टोचली तर मला फार आनंद होईल. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग मानले तर तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा गिटारचा गांधार सुमारे १४ भाग चढा असतो. वडिलांच्या गळ्यातला गांधार आणि तुझ्या चौथ्या फ्रेटवरचा गांधार यांत तेवढे अंतर राहणारच. फ्रेटवरचा स्वर बोटाने चढवता येतो, उतरवता येत नाही; म्हणून एक फ्रेट मागे, तिसऱ्यावर, कोमल गांधारावर बोट ठेव आणि तार आडवी ओढत शुद्ध गांधाराकडे ये, आणि वडिलांचा गळा जिथे थांबतो तिथे थांब. पहिली तार उतरवल्यामुळे सैल झालेली असते, त्यामुळे बोट फार दुखणार नाही. सुरुवातीला स्वर कधी अलीकडे राहील, कधी पलीकडे जाईल. वडिलांना समोर बसवून, त्यांनी गावे आणि तू तेवढा एक स्वर मिळवावा, असे रोज दहा मिनिटे करा. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन, तारेवर पोलादी कांडी सरकवून, उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे शिकलेले रागसंगीत तिच्यावर वाजवले. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली, ती मिळवून ऐक. तुझी पद्धत वेगळी असेल, पण स्वरापर्यंत जाण्याची वाट हीही स्वराइतकीच वाजवायची असते, हे तिथे स्पष्ट ऐकू येईल.

सरावाच्या वेळेबद्दल विचारले आहेस. सकाळी चाळीस मिनिटे आणि रात्री वीस मिनिटे पुरेत, पण रोज. मेट्रोनोम (ठोके देऊन लय दाखवणारे यंत्र) मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवून सुरू कर; घाईने वाजवलेली चूक हाताला पाठ होते आणि मग ती काढायला दुप्पट दिवस लागतात. बोटाला घट्टे पडले आहेत म्हणून आता दाब वाढवू नकोस. बोट फ्रेटच्या अगदी मागे टेकव आणि तार झणझणायची थांबते तेवढाच दाब दे. त्याहून जास्त दाबले की स्वर चढतो आणि मनगट थकते.

तुमच्याकडे पावसाळा जोरात असतो, म्हणून एवढे सांगतो की जून ते सप्टेंबर गिटार भिंतीला टेकवून ठेवू नकोस. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडाने वरून आणि खालून पुस. ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, अचानक वाढल्यासारखी वाटली तर दोष तुझ्या बोटांचा नसून दमट हवेने फुगलेल्या लाकडाचा असण्याची शक्यता अधिक असते; दुरुस्ती करणाऱ्या जाणत्या माणसाला दाखव, गिटारच्या मानेतल्या सळईचा स्क्रू स्वतः फिरवू नकोस.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मला एकच ध्वनिमुद्रण पाठव: वडिलांच्या आवडीचा कोणताही अभंग, सा प सा म प सा या जुळणीत, मेट्रोनोमशिवाय, शक्य झाल्यास टाळाच्या साथीने. मध्ये चुकलीस तरी थांबवू नकोस आणि पुन्हा पहिल्यापासून करू नकोस. गांधारावर तू कशी पोहोचतेस ते मला ऐकायचे आहे.

वडिलांना माझा नमस्कार सांग. कळावे.

तुझा शिक्षक