आरएस-४८५ ची लाईन ५ व्होल्टची, मग टीव्हीएस १२ व्होल्टचा कशाला?

भाऊ, तुम्ही विचारलंय की आरएस-४८५ ची (दोन तारांवरून लांबपर्यंत डेटा नेणारी) चिप ५ व्होल्टवर चालते, ए आणि बी या दोन तारांमधला फरक त्याहून जास्त जात नाही, मग स्टॅटिकच्या झटक्यासाठी ५ व्होल्टचाच टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टेज ग्राउंडला वळवणारा) का नको, जो तो एसएम७१२ हाच टीव्हीएस का सांगतो. हीच चूक मी करून बसलोय.

डायोड ए-बी मध्ये नाही, प्रत्येक तारेपासून ग्राउंडला लागतो, म्हणून बघायचं ते तारेचं ग्राउंडशी व्होल्टेज, आणि ते लांबच्या केबलवर दोन्हीकडची ग्राउंड वेगळी असल्यामुळे वरखाली होतं. आरएस-४८५ च्या स्टँडर्डनेच ते -७ ते +१२ व्होल्ट धरलंय, एसएम७१२ मधले ७ आणि १२ तेच.

रावेरकडे केळीच्या एका शेतात विहिरीवरच्या पॅनलपासून ड्रिपच्या व्हॉल्व्हपर्यंत केबल टाकली होती, दोन्ही टोकांना ५ चे टीव्हीएस. मोटर बंद असली की सगळं झकास, मोटर सुरू झाली की डेटा गायब! दोन दिवस मी प्रोग्रामलाच शिव्या देत होतो. शेवटी केबलची रिकामी तार पॅनलच्या ग्राउंडला जोडून लांबच्या टोकाला मीटर लावला तर एसी ४ व्होल्ट, म्हणजे पीक साडेपाचच्या वर, त्यात सिग्नलचे तीन-एक मिळवा, डायोड चालू होणारच ना भो, स्टॅटिक नसतानाच तो सिग्नल खात होता.

आता दुसरी गंमत, १२ चा म्हणजे तो १२ वरच धरून ठेवतो असं नाही. १२ पर्यंत तो गप्प बसतो एवढंच, झटक्याच्या करंटला क्लॅम्पिंग (म्हणजे तो व्होल्टेज प्रत्यक्षात जिथे अडवतो ते) त्याच्या बरंच वर जातं. म्हणून डेटाशीटमध्ये क्लॅम्पिंगचा आकडा बघा आणि डायोड ते चिप प्रत्येक तारेत १० ओहमचा रेझिस्टर टाका.

आणि डायोड कनेक्टरला चिकटून हवा. स्टॅटिकच्या ८ केव्ही कॉन्टॅक्टच्या टेस्टमध्ये (८ हजार व्होल्टचा झटका थेट टेकवून देतात) ३० अँपिअर साधारण ०.८ नॅनोसेकंदात चढतात, म्हणजे ट्रॅकच्या दर १ नॅनोहेन्री इंडक्टन्सवर ३७ व्होल्ट. डायोडपासून ग्राउंडपर्यंत सेंटिमीटरभर बारीक ट्रॅक सोडला तर तिथेच दोन-तीनशे व्होल्ट उभे राहतात, मग डायोड कितीचा लावला त्याला काय अर्थ.

पावसाळ्याच्या तोंडावरचं विजेचं प्रकरण वेगळं, तिथे हा चिमुकला डायोड एकटा पुरत नाही. आधी मोटर चालू ठेवून ते ग्राउंडचं माप घ्या आणि आकडा इथे टाका.