समुद्र, छापखाना आणि लेकीचं करिअर

नेरूळहून एका आईने लिहिलं आहे. मुलगी ठाण्याच्या कॉलेजात टीवायबीएला, इंग्रजी घेऊन. समुद्रमार्गे फिरणाऱ्या पुस्तकांचा आणि छापखान्यांचा इतिहास लिहिणाऱ्या इझाबेल हॉफमायर यांचं लेखन वाचून तिनेही तसंच संशोधन करायचं ठरवलंय. वडील न्हावा शेवा बंदरातल्या क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे मालाची कस्टममधून सोडवणूक करणाऱ्याकडे नोकरीला. ते म्हणतात, ‘समुद्रावरची पुस्तकं वाचून पोट भरणार का?’

ताई, आधी विषय समजून घ्या. हॉफमायर जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातल्या. २०१३च्या पुस्तकात त्यांनी गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या छापखान्याचा अभ्यास मांडला. तिथून १९०३ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’ हे साप्ताहिक निघू लागलं, सुरुवातीला इंग्रजी, गुजराती, हिंदी आणि तमिळ अशा चार भाषांत. छापखान्याचा इतिहास एका देशापुरता न लिहिता बोटींच्या वाटेने लिहायचा, ही दृष्टी अनेक अभ्यासकांना त्यांच्याकडून मिळाली. २०२२चं पुस्तक तर थेट कस्टम हाऊसबद्दल, म्हणजे बंदरावरच्या जकात कचेरीबद्दल आहे. बोटीतून उतरलेलं पुस्तक तिथले अधिकारी माल म्हणूनच हाताळत. छापलंय कुठे, चोरून छापलंय का, सरकारविरोधी तर नाही? वाचकाच्या आधी पुस्तक त्यांच्या हाती पडायचं. मालाचा मूळ देश, तपासणी, अडकलेली कन्साइनमेंट हे सगळं तुमच्या यजमानांच्या रोजच्या कामातलं आहे. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टमचा अर्ज, कसा भरतात, हे लेकीला त्यांनीच समजावून द्यावं. तिच्या वर्गात हे कुणाला घरबसल्या मिळणार?

नोकरीचं मात्र स्पष्ट सांगते. कॉलेजांत कायम जागा कमी निघतात, बरीच मुलं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, वर्षं काढतात. म्हणून एमए करतानाच नेटची, म्हणजे प्राध्यापकीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी हवी. त्यातून जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर पीएचडीला दरमहा ३७ हजारांची फेलोशिप असते. वयाची अट सांभाळावी लागते. जोडीला बी.लिब. ही ग्रंथालयशास्त्राची पदवी केली तर ग्रंथालयांची दारंही उघडी राहतील.

तिने गुजराती वाचायला शिकावं, जमल्यास मोडीही. नुसत्या इंग्रजीवर या क्षेत्रात फार पुढे जाता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि अर्ज भरण्याआधी या सुट्टीत ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जावं. १८९३ पासूनची संस्था आहे. जुनी मासिकं बघायला मिळतील का, विचारावं. मजकुराइतक्याच जाहिराती, वर्गणीचे दर, छापखान्याचा पत्ता टिपून घ्यावा. महिनाभर असं बसून तिला कंटाळा आला, तर एमएला दुसरा विषय घ्यावा. रमली, तर यजमानांना सांगा, फी भरून टाका.