९२ टक्क्यांवरचा तारा

प्रश्न : सर, मुलगा १९ वर्षांचा आहे. बारावी सायन्सला ६१ टक्के पडले, सीईटीत जमलं नाही. सांगलीच्या एका एजंटने जर्मनीतल्या ‘आउसबिल्डुंग’चं सुचवलंय. तीन वर्षं कंपनीत काम करत शिकायचं, दरमहा पैसे मिळतात आणि पुढे नोकरी पक्की, असं तो म्हणतो. त्याच्या पत्रकाचा फोटो सोबत पाठवतोय. त्यात ‘नोकरी : जर्मनी ९२ टक्के, फ्रान्स ४५ टक्के’ असा तक्ता आहे. फी साडेतीन लाख. मुलाचा ओढा मशीनकडे आहे, पण एजंटच्या म्हणण्याप्रमाणे हॉटेललाइनला जागा लवकर मिळते. पैशासाठी रान गहाण टाकावं लागेल. हे आकडे खरे धरावेत का?
– एक पालक, तासगाव तालुका

उत्तर : नमस्कार. पत्रकाचा फोटो मोठा करून पाहिला. ९२ च्या डोक्यावर एक बारीक तारा आहे आणि त्याची तळटीप पत्रकात कुठेच नाही. ती काय असायला हवी होती, ते सांगतो.

आधी एक कबुली. वीसेक वर्षांपूर्वी मी एका संस्थेत प्लेसमेंटचं काम बघायचो. पास झालेल्या ६२ मुलांना फोन लावले. ४१ जणांनी उचलले, त्यातले ३७ जण कामाला लागले होते. आम्ही ३७ ला ४१ ने भागलं आणि गेटवर ‘९० टक्के प्लेसमेंट’चा फ्लेक्स लावला. ६२ ने भागलं असतं तर ६० टक्केही भरत नव्हते. खोटं कुणी बोललं नव्हतं, फक्त छेद बदलला होता. तेव्हापासून कुठलाही टक्का दिसला की मी आधी त्याचा छेद शोधतो.

तुमच्या पत्रकातला ९२ हा आकडा हवेतला नसावा. युरोस्टॅट ही युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था असा एक टक्का देशवार प्रसिद्ध करते. वय २० ते ३४, व्यावसायिक शिक्षण पूर्ण होऊन १ ते ३ वर्षं झालेली, सध्या कुठेही न शिकणारी, अशा मुलांपैकी कामावर किती? २०२० मध्ये युरोपीय संघाने ठरवलं की हे प्रमाण २०२५ पर्यंत किमान ८२ टक्के व्हावं. २०२३ मध्ये सगळ्या देशांची सरासरी ८१ च्या आसपास होती. जर्मनी नव्वदीच्या घरात असतो, इटली बराच खाली.

पण हा टक्का मुलांच्या मागावर राहून काढलेला नसतो. घरोघरच्या नमुना पाहणीतून येतो. त्या पाहणीत ‘कामावर’ म्हणजे त्या आठवड्यात मोबदल्यासाठी निदान एक तास काम केलेला माणूस. जर्मनीत बहुतेकांचं काम एका तासाहून पुष्कळ जास्त असतं, त्यामुळे त्याची मला एवढी धास्ती नाही. माझी नजर ‘शिक्षण पूर्ण झालेली’ या शब्दांवर आहे. मधेच शिक्षण सोडलेला मुलगा या छेदात येतच नाही. जर्मनी सोडून मायदेशी परतलेलाही येत नाही. आणि तुमची काळजी तर नेमकी तीच आहे, रान गहाण टाकून गेलेला मुलगा दीड वर्षाने तासगावच्या स्टँडवर उतरला तर?

त्यासाठी दुसरा आकडा बघावा लागतो. बॉनच्या ‘बीआयबीबी’ या सरकारी संस्थेचा वार्षिक अहवाल सांगतो, की मुदतीआधी मोडलेल्या प्रशिक्षण करारांचं प्रमाण २०२२ मध्ये जवळपास ३० टक्के होतं. लगेच घाबरू नका. करार मोडणारी बरीच मुलं दुसरी कंपनी किंवा दुसरा व्यवसाय धरतात, सगळीच शिक्षण सोडत नाहीत. पण हे प्रमाण व्यवसायागणिक फार बदलतं. स्वयंपाकी आणि रेस्टॉरंटचं काम शिकणाऱ्यांत ते निम्म्याच्या जवळ जातं, मेकॅट्रॉनिक्सला, म्हणजे यंत्र आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र असलेल्या कामाला, कितीतरी कमी असतं. हॉटेललाइनला जागा लवकर का मिळते, याचं अर्धं उत्तर इथेच आहे. संध्याकाळच्या पाळ्या, शनिवार-रविवार काम, त्यामुळे तिथली स्थानिक मुलंच टिकत नाहीत. आपला मुलगा टिकणार नाही असं मी म्हणत नाही. पण ज्याला मशीन उघडून बघायची हौस आहे, त्याला जागा लवकर मिळते म्हणून ट्रे उचलायला पाठवणं मला पटत नाही.

करार मोडला तर व्हिसाचं काय, हेही माहीत हवं. स्वतःचा दोष नसताना प्रशिक्षण संपलं, तर दुसरी जागा शोधायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. सहा महिने खायचं-राहायचं कशावर, हा हिशेब आधीच करून ठेवा.

आता फ्रान्सचा ४५. त्यावरून फ्रान्स अर्धा आणि जर्मनी दुप्पट असं वाटतं, पण ही तुलनाच फसवी आहे. फ्रान्समध्ये २०१८ च्या एका कायद्याने व्यावसायिक शाळांना आणि अप्रेंटिस केंद्रांना असे आकडे जाहीर करणं भाग पडलं. त्यातून ‘आँसेरजन’ नावाची व्यवस्था उभी राहिली. आधी मुलांना प्रश्नावली पाठवायचे, उत्तरं जेवढी यायची तेवढी यायची, म्हणजे थोडंफार आमच्या फ्लेक्ससारखंच. आता शाळेची यादी आणि मालक दर महिन्याला सरकारला देतात ती पगाराची नोंद, या दोन्ही जुळवतात. फोन उचलला नाही म्हणून कुणी गळत नाही. पुढे शिकायला गेलेले बाजूला काढतात आणि उरलेल्यांपैकी सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी, पुढे दोन वर्षांपर्यंत नोकरीत कोण आहे ते मोजतात. शाळेच्या वाटेने शिकलेल्यांत सहा महिन्यांनी निम्म्याहून कमी नोकरीत सापडतात, अप्रेंटिस म्हणून शिकलेल्यांत साधारण दहातले सहा. तुमच्या पत्रकातला ४५ बहुधा पहिल्या गटातून उचलला असावा. जर्मनीतला मुलगा तर अप्रेंटिसच असणार, मग तुलना निदान अप्रेंटिसशी करायची ना! शिवाय स्वतःचं दुकान टाकणारा या नोंदीत दिसत नाही, आणि सीमेपलीकडे कामाला जाणाराही नाही. स्ट्रासबुर्गच्या बाजूचा मुलगा ऱ्हाइन ओलांडून जर्मनीत कामाला गेला की फ्रान्सच्या हिशेबी तो नोकरीविना.

थोडक्यात, एका बाजूला तीन वर्षांपर्यंतची नमुना पाहणी आणि दुसऱ्या बाजूला सहाव्या महिन्याची पगारनोंद. एजंटने ती शेजारी शेजारी छापली. असले घोळ तिथल्या सरकारांनाही सतावतात, म्हणून तर युरोपीय संघाने नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळ्या देशांना शिफारस केली, की पदवीधरांचा आणि व्यावसायिक शिक्षण घेतलेल्यांचा पुढचा माग ठेवा आणि तो एकमेकांशी ताडून पाहता येईल असा ठेवा. प्रत्येकाची वाट अजून वेगळीच आहे. डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येकाला एक नागरिक क्रमांक असल्याने नोंदी सहज जुळतात. ऑस्ट्रियाची सांख्यिकी संस्थाही नोंदींवरूनच माग काढते. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्ट विद्यापीठाची ‘रोआ’ ही संस्था मुलांनाच विचारते, आणि त्यातला एक प्रश्न मला फार आवडतो : पुन्हा निवड करायची वेळ आली तर हाच अभ्यासक्रम घ्याल का? आपल्याकडे हा प्रश्न लग्नाबद्दलही कुणी विचारत नाही.

गंमत अशी, की ज्या फ्रान्सचा आकडा कमी दिसतो तिथे एकेका शाळेचा टक्का पालकाला बघता येतो. जर्मनीत देशाचा आकडा झकास, पण अमुक कंपनीत शिकलेल्या मुलांचं पुढे काय झालं हे सांगणारी सार्वजनिक यादी नाही. म्हणून तो माग तुम्हालाच काढावा लागेल. एजंटने आजवर पाठवलेल्या मुलांची वर्षवार संख्या मागा. आता कामाला लागलेल्यांची नको, विमानात बसलेल्या सगळ्यांची. त्यांतल्या चार-पाच जणांशी, आणि परत आलेला एखादा असेल तर त्याच्याशी आधी, मुलाला स्वतः बोलू द्या.

करार कुठल्या कंपनीशी, कुठल्या व्यवसायाचा, आणि तो तिथल्या उद्योग किंवा कारागीर मंडळाकडे नोंदवला जाणार का, हे लेखी घ्या. अशा कंपनी-अधिक-शाळा पद्धतीत शिकवण्याची फी कंपनी घेत नाही, सरकारी व्यावसायिक शाळाही घेत नाही. उलट कंपनीच पैसे देते. २०२५ मध्ये सुरू झालेल्या करारांसाठी पहिल्या वर्षाची कायदेशीर किमान रक्कम दरमहा ६८२ युरो होती, तीही कपातीआधीची. पुष्कळ कंपन्या त्याहून जास्त देतात. पण रुपयांत गुणाकार करून हुरळू नका, खोलीचं भाडं युरोतच द्यायचं असतं. मग साडेतीन लाख नेमके कशाचे, याची फोड कागदावर मागा. जर्मन भाषेचा वर्ग, व्हिसाची कागदपत्रं, तिकीट, असं वेगवेगळं.

रान एवढ्यात गहाण टाकू नका. साधारणपणे बी-१ पातळीपर्यंतची, म्हणजे रोजच्या व्यवहारात निभावेल इतकी, जर्मन लागतेच. ती सांगली-मिरजेत किंवा ऑनलाइन शिकायला थोडक्या पैशांत सुरुवात करता येते. चार-सहा महिने तो नेटाने शिकला तर मेकॅट्रॉनिक्सच्या जागांना त्यालाच थेट अर्ज करू द्या. जर्मनीच्या सरकारी रोजगार संस्थेच्या संकेतस्थळावर त्या जागा कुणालाही बघता येतात.

आणि एजंटकडे जाल तेव्हा पत्रक सोबत न्या. ९२ वरच्या ताऱ्यावर बोट ठेवून तळटीप कुठे आहे ते विचारा. काय म्हणाला ते मलाही कळवा.