चिऱ्याच्या भिंतीची ओल

आपण रत्नागिरीजवळ जुने कौलारू घर घेतले आहे, म्हणून पावसाआधीच हे सांगणे अगत्याचे वाटते. जांभ्याचा चिरा, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडाचा घडीव ठोकळा, सच्छिद्र असतो. त्यावर बाहेरून सिमेंटचा घट्ट गिलावा केला, तर आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडण्यास वाटच उरत नाही, आणि मग ती घरातल्या बाजूने पांढऱ्या क्षाराच्या रूपाने फुलून रंगाचे पापुद्रे सोडवते. माझ्या पडवीच्या भिंतीवर बोट फिरवले की पिठासारखी भुकटी हाती येत असे. तेथे चुन्याचा गिलावा केल्यावरच ती थांबली. मृगापूर्वी छप्पर शाकारून घ्यावे, फुटके कोने, म्हणजे आढ्यावरची कौले, बदलावेत आणि झडीच्या बाजूला नारळाची झापे बांधावीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पागोळ्यांचे पाणी जोत्यापाशी साचू देऊ नये. रंगाचे काम मात्र भिंत पूर्ण सुकल्यावर, दिवाळीनंतरच काढावे.